उभ्याने खाल्लेलं

आमच्या घरात कोलेस्टेरॉल कुणाला निघणार याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. नवऱ्याला, म्हणजे आमच्या ह्यांना. जव्हारच्या बाजारपेठेत ह्यांचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या बरोब्बर समोर वडे तळणारा बसतो. तीस वर्षं हे दोघे एकमेकांकडे तोंड करून बसलेत. त्याचा परिणाम ह्यांच्या शर्टाच्या चौथ्या बटणावर दिसतो. मी मात्र पहिल्यापासून काटकुळी. मोखाड्याला एका सरकारी कचेरीत कारकून आहे, रोज जीपने जाते-येते, आणि चौघांच्या सीटवर पाचवी म्हणून हमखास मलाच कोंबतात, कारण मला जागाच लागत नाही असं जीपवाल्याचं ठाम मत आहे.

नव्या नियमाने कचेरीत चाळिशी ओलांडलेल्यांना वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी लागते. गेल्या ज्येष्ठात मी गेले तेव्हा ह्यांनाही ओढत नेलं. रक्त काढताना हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले, तेही मागच्या वर्षीचं. चार दिवसांनी दोन्ही कागद एकाच पाकिटातून आले. मी ह्यांचा कागद आधी उघडला, चष्मा पुसून, सुनवायची वाक्यं मनात जुळवून. ह्यांचे सगळे आकडे आपापल्या मर्यादेत गुण्यागोविंदाने बसले होते. माझ्या कागदावर वाईट कोलेस्टेरॉलपुढचा आकडा ठळक छापलेला होता आणि त्याच्या शेजारी एक चांदणी होती. शाळेत वहीवर चांदणी मिळाली की मी घरभर नाचायची.

ह्यांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. हसले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. पण हसू आवरायला माणसाला किती कष्ट पडतात तेही मी पाहिलं. "होईल गं कमी," एवढंच म्हणाले आणि दुकानात गेले. संध्याकाळी समोरच्याचे वडे घेऊन आले. आईसाठी आणलेत म्हणाले. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दात उरलेत चार.

एसटी स्टँडच्या अलीकडे एका तरुण डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. माझ्या मुलीच्या वयाची पोर, पण कागद वाचताना कपाळाला अशी आठी घालते की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं आपोआप वाटतं. ती म्हणाली, काकू, गोळी सुरू करू या. मला आधी त्या काकूचाच राग आला. मग मी सांगितलं की गोळी एकदा घरात शिरली की परत जात नाही, मला तीन महिने द्या, खाण्यापिण्याने उतरवून दाखवते. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, काहींचं उतरतं, काहींचं आईवडिलांकडूनच आलेलं असतं, ते नुसत्या पथ्याला दाद देत नाही. मग विचारलं, तुमच्या आईला काय त्रास होता?

माझी आई बावन्न पूर्ण व्हायच्या आत गेली. सकाळी अकराच्या सुमाराला, स्वयंपाकघरात, ओट्याशी. तिला कसलाही त्रास नव्हता, निदान कुणाला ठाऊक नव्हता, कारण तिचं रक्त कधी कुणी तपासलंच नाही. येत्या मार्गशीर्षात मला बावन्न पूर्ण होणार होती. हे गणित मी घरात कुणापाशी बोलले नव्हते, पण ते रोज सकाळी उठल्यावर माझ्याआधी उठलेलं असायचं. मी घाबरले होते. चांगलीच घाबरले होते. आणि गोळी घेणं म्हणजे आईचं ते माझ्यात उतरलंय अशी सहीनिशी कबुली देणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. कारकून माणूस सही करायला उगाच घाबरत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तीन महिने दिले. तोवर उतरलं नाही तर गोळी, आणि तेव्हा वाद नाही, असं कबूल करून घेतलं.

तर मग नागली, म्हणजे नाचणी. नागली आमच्या दुकानात पोत्याने येते आणि किलोने जाते. गावच्या लोकांचं धान्य म्हणून आम्ही शहरातली माणसं, म्हणजे जव्हारला शहर म्हणणारी माणसं, तिच्याकडे काउंटरच्या या बाजूनेच बघत आलो. आमच्या ताटात ती यायची ती पापड होऊन, तेही तळून. आता मी घरच्या पोत्याला हात न लावता मोखाड्याच्या आठवडे बाजारातून नागली आणायचं ठरवलं, कारण घरच्या वस्तूने गुण येत नाही अशी माझी समजूत होती. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची बाई बाजारात नागली आणि वरई घेऊन बसते. तिला मी नागलीचे गुण सांगायला लागले. मोबाइलवर वाचलेले सगळे सांगितले. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"आमी नागली खाऊन डोंगर चढतो, बाय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाण्यासाठी खाली उतरतो, आन हंडा घेऊन परत वर. तू खाऊन जीपमधी बसशील. मंग ती एकटी नागली काय करंल?"

मी पिशवी पुढे केली. दोन किलो घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला सुरुवात केली.

सकाळी गावाबाहेरच्या शिरपामाळापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. सोबतीला हे. आकडे मर्यादेत असलेल्या माणसाने चालायची काय गरज, असा ह्यांचा प्रश्न होता. पण बायकोला एकटी धुक्यात पाठवलं तर लोक काय म्हणतील म्हणून यायचे. शिरपामाळावर पाहुण्यांची गर्दी असते, फोटो काढणारी. त्यांच्यासाठी वाटेत एकाने कांदाभजीची गाडी लावली होती. तिसऱ्या दिवसापासून ह्यांचे गुडघे त्या गाडीपाशी आले की नेमके दुखायला लागायचे. "तू जाऊन ये वरपर्यंत, मी इथे थांबतो," असं म्हणून हे थांबायचे. मी परत यायची तेव्हा तोंड पुसलेलं असायचं, पण मिशीत कोथिंबीर असायची.

घरात मी एकेक उपाय आणत गेले. जवसाची चटणी रोज दोन चमचे. रात्री भिजवलेली मेथी सकाळी. झोपताना पाण्यातून इसबगोल, जे ढवळून लगेच प्यायलं नाही तर पेल्यात खळ तयार होते आणि मग चमच्याने खावी लागते. ओट्स ह्यांनी दुकानातून आणून दिले, प्रेमाने. पुड्याच्या मागे पाहिलं तर मुदत त्याच महिन्यात संपत होती. कच्चा लसूण मी अनशापोटी चावायला लागले आणि पंधरा दिवसांत चमत्कार झाला. जीपमध्ये मला ऐसपैस जागा मिळायला लागली. घाट चढेपर्यंत शेजारची बाई पदर नाकाला लावून बाहेरचे डोंगर बघत बसायची, जणू आजच पहिल्यांदा दिसतायत.

मुलगी लग्न होऊन नाशिकला असते, नोकरी करते. तिने माशाच्या तेलाच्या गोळ्या कुरिअरने पाठवल्या. सोनेरी, पारदर्शक, दिसायला देखण्या. आमच्याकडे मासे चालतात, पण सोमवारी नाही, गुरुवारी नाही, एकादशी-संकष्टीला नाही आणि श्रावणात अजिबात नाही. पहिल्याच गुरुवारी प्रश्न उभा राहिला. मी म्हटलं, हे औषध आहे. सासूबाईंनी एक गोळी बोटांत धरून उजेडात पाहिली. "आत मासा आहे ना?" मी म्हटलं, नुसतं तेल आहे. "तेल कशाचं?" यापुढे वाद संपला. श्रावणभर ती बाटली देवघरापासून लांब, फडताळात, बुटांच्या पॉलिशशेजारी राहिली. एवढं सोवळंओवळं सांभाळून घेतलेल्या त्या गोळ्यांबद्दल पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ते तेल रक्तातल्या दुसऱ्या चरबीला थोडंफार उपयोगी पडतं, तुमच्या या आकड्याला नाही.

कचेरीतल्या एका सहकाऱ्याने तर लाल तांदळाच्या गोळ्या दिल्या. खास आंबवलेला तांदूळ, पूर्ण नैसर्गिक, नुकसान शून्य. मी सुरू करण्याआधी फक्त विचारून घ्यावं म्हणून दवाखान्यात डबी दाखवली. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी. ती म्हणाली, काकू, तुम्ही ज्या गोळीला नाही म्हणताय तिच्याच जातीचं द्रव्य यात असतं. फरक इतकाच की गोळीत किती आहे ते मला ठाऊक असतं आणि या डबीत किती आहे ते कुणालाच नाही. म्हणजे पुढच्या दारातून जिला हाकललं तिला मी मागच्या दारातून पाट मांडून आत घेणार होते. डबी तिने टेबलाच्या खणात टाकली. मागायची माझी छाती झाली नाही.

तीन महिने मी ताटाशी इतकी प्रामाणिक राहिले की कचेरीत सगळे डबे मधोमध ठेवून जेवतात तेव्हाही मी माझ्या नागलीच्या भाकरीवरून नजर हलवली नाही. समोर कुणाच्या डब्यात बटाटावडा, कुणाच्या पुऱ्या. मी पालेभाजी. वजन आणखी उतरलं. पदर खांद्यावर राहीना. आश्विनात, दसऱ्याच्या आधी, मी परत रक्त दिलं. कागद घ्यायला गेले ती नवी साडी नेसून.

आकडा जिथल्या तिथे होता. किंचित हललाही असेल, पण तो इतकाच की कुणी उभं असताना पाय बदलावा. चांदणी तशीच.

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी नागलीच्या पिठाचा डबा असा आपटला की सासूबाईंना ऐकू गेलं, आणि त्यांना एरवी दारची बेलही ऐकू जात नाही. ह्यांच्यावर ओरडले, की तुम्ही भजी खाता आणि चढतं मला. हे दुकानात गेले. संध्याकाळी वडे न आणताच परत आले. त्यावरून मला कळलं की मार्गशीर्षाचं ते गणित ह्यांनीही केलेलं आहे.

डॉक्टरीणबाई शब्दाची पक्की. गोळी लिहिणार म्हणाली. पण त्याआधी आठ दिवस जे जे खाल तेवढं वहीत लिहून आणा, मला पाहायचंय. लिहिण्यात मला कोण हरवणार? आवक-जावक नोंदवहीत सव्वीस वर्षं काढली आहेत. लाल रेघा मारल्या, वेळ, पदार्थ, प्रमाण असे रकाने पाडले. सकाळी मेथी, लसूण. नाश्त्याला ओट्स. दुपारी नागलीची भाकरी, पालेभाजी, जवस. रात्री वरईचा भात, मुगाचं वरण, काकडी. आठव्या दिवशी वही इतकी सात्त्विक झाली की देवापुढे ठेवावी.

तो रविवार होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी चटईवर बसून वाल सोलत होत्या. त्यांची ती कायमची जागा. तिथून ओटा दिसतो, देवघर दिसतं आणि रस्त्यावरून कोण गेलं तेही दिसतं. मी त्यांना वही मोठ्याने वाचून दाखवली. मला कुणाकडून तरी शाबासकी हवी होती. त्यांनी सोलता सोलता सगळं ऐकलं, शेवटच्या काकडीपर्यंत.

"आणि उभ्याने खातेस ते कुठे लिहिलंयस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, उभ्याने मी कधी काय खाते? त्यांनी वालाची टरफलं बाजूला केली आणि बोटांवर मोजायला घेतलं. सकाळी दुधाची साय काढलीस की पळी चाटतेस. काल ह्याच्या ताटात अर्धा वडा उरला, तो ताट उचलताना तोंडात टाकलास. परवा पुऱ्या तळल्यास, दोन फुगल्या नाहीत, त्या कुणाच्या पोटात गेल्या? शिऱ्याची कढई घासायला टाकण्याआधी कोण खरवडतं? आणि आत्ता, तासाभरापूर्वी, तूप कढवलंस. बेरी कुठे आहे?

बेरी म्हणजे तूप गाळल्यावर भांड्याच्या तळाला राहते ती तपकिरी, तुपाने निथळणारी खरवड. त्यात साखर घालून चमच्याने खरवडून खातात. मी भांड्याकडे पाहिलं. भांडं लख्ख होतं. चमचा त्यात आडवा पडला होता, तोही लख्ख.

शपथेवर सांगते, खाल्ल्याचं मला आठवत नव्हतं. जे ताटात आलंच नाही ते खाल्लं असं मी धरतच नव्हते. मी काही लपवत नव्हते. लपवायला आधी माहीत असावं लागतं. पाटावर, टेबलाशी, डब्याशी बसून जे खाल्लं ते जेवण. ओट्याशी उभं राहून, एका हाताने झाकण धरून, दुसरं काहीतरी करता करता तोंडात गेलं ते काम. भांडं रिकामं करणं हे भांडं घासण्याच्या आधीचं काम. वाया जाऊ नये एवढाच त्यात हेतू.

तरी मी हार मानली नाही. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही ही कचेरीची सवय. वहीत आणखी एक रकाना पाडला, 'उभ्याने', आणि पुढचे आठ दिवस हात कुठे जातो त्यावर पाळत ठेवली. काय सांगू! हात माझा होता, पण त्याचा कारभार स्वतंत्र होता. ह्यांच्या ताटातली उरलेली भजी. वरणावर घातलेल्या तुपाच्या चमच्याला लागलेलं तूप. डबा भरताना तुटलेला तळलेला पापड. सासूबाईंना चावली नाही म्हणून ठेवलेली शेंगदाण्याची चिक्की. पातेल्याच्या कडेची साय. दिवाळीच्या चकल्या सुरू झाल्या होत्या, त्यातली प्रत्येक घाण्याची पहिली, कुरकुरीत झाली का बघायला. आणि झाली नसेल तर दुसरी. आठवडा संपला तेव्हा उभ्याचा रकाना बसल्याच्या दुप्पट लांब झाला होता. बसून मी एका रोग्याचं खात होते आणि उभ्याने आमच्या घरातल्या तिघांचं.

वही मिटली तेव्हा मला हसू यायला हवं होतं. ह्यांना आलं. मला आईची आठवण आली.

आम्ही तीन भावंडं. तिघांची ताटं मला आजही आठवतात. थोरल्याच्या ताटाला पोचा पडला होता, धाकटीच्या ताटावर नाव कोरलेलं होतं, माझं ताट वाकडं म्हणून भाजीचा रस्सा एका बाजूला जायचा. वडिलांचं ताट पितळी. आईचं ताट कसं होतं ते मी त्या दिवशी आठवायचा प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत केला. धाकटीला फोन केला, थोरल्याला केला. कुणालाच आठवेना. आईचं ताट नव्हतंच. आम्ही सगळे बाहेर पडलो की ती ओट्याशी उभी राहून पातेल्यातलं पातेल्यातच संपवायची. ती गेली त्या सकाळीही आदल्या दिवशीच्या पूजेचा शिरा उरला होता. मी धावत पोचले तेव्हा कढई मोरीत पडली होती, आतून बोटाने निपटून स्वच्छ केलेली. शिऱ्याने ती गेली असं मी म्हणत नाही. तिला काय झालं होतं ते मला कधीच कळणार नाही. पण तीस वर्षं एक बाई काय खाते, किती खाते, खाते की नाही, हे आमच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना जरा फणकाऱ्यानेच विचारलं, की एवढं सगळं दिसत होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीत? त्यांना प्रश्न पहिल्यांदा ऐकू आला नाही, की ऐकायचा नव्हता, कोण जाणे. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "बेरी तुपवालीची असते. माझ्या सासूने ती मला दिली. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी मी तूप कढवायचं सोडलं आणि तुला दिली. दुसरं काय होतं माझ्यापाशी देण्यासारखं?"

मग मला ते आठवलं. नवी नवरी होते, माहेरच्या आठवणीने तोंड सुकलेलं, आणि ह्याच बाईने तुपाचं भांडं माझ्या हातात देऊन कुणी यायच्या आत खाऊन टाक म्हणून सांगितलं होतं. या घरातलं ते माझं पहिलं स्वतःचं काहीतरी होतं. तीस वर्षं मी ते उभ्याने, घाईघाईने, कुणी यायच्या आत खात आले होते. कुणी येणार नव्हतं तरी.

दोन रकान्यांची वही डॉक्टरीणबाईंनी शांतपणे वाचली. तिच्या कपाळाची आठी पहिल्यांदाच गेलेली पाहिली. म्हणाली, काकू, हे माझ्या आईला वाचायला देऊ का? मग तिने गोळी लिहिलीच. म्हणाली, उभ्याचं बंद करा, पण वय, आई आणि हा आकडा तिन्ही एकत्र बघता मी आता थांबणार नाही. मी कबूल केलं होतं, त्यामुळे वाद घातला नाही. थोडा घातला. कबुलीवर सही केली आणि आश्चर्य म्हणजे काही झालं नाही. लहानशी पांढरी गोळी आहे, झोपताना घ्यायची. इसबगोलपेक्षा लवकर खाली उतरते.

घरात नवे नियम झाले. ज्याच्या ताटात उरेल त्याने ते संपवायचं किंवा झाकून ठेवायचं, माझ्याकडे पाहायचं नाही. ह्यांनी पहिल्या आठवड्यात सवयीने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि परत ओढून घेतलं. अर्ध्या वड्याचा प्रश्न पडल्यावर वडाच एक कमी आणायला लागले. शिरा मोजून होतो. मी माझं ताट वाढून घेते, सगळ्यांबरोबर बसते, आणि ओट्याशी उभी असताना तोंडात लवंग धरते, म्हणजे हात वर आला तरी परत जातो. पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरात मला काम काय करायचं तेच सुचेना.

मार्गशीर्षाच्या तोंडाशी रक्त दिलं. आकडा उतरला, चांगला उतरला, चांदणी गेली. श्रेय कुणाचं यावर घरात एकमत नाही. डॉक्टरीणबाई गोळीचं म्हणते, मी नागलीचं, हे शिरपामाळाच्या चालण्याचं, म्हणजे त्यात आपलाही वाटा असल्याचं. सासूबाईंचं म्हणणं, गुरुवारी मासा चुकवला म्हणून.

बावन्न पूर्ण झाली तो दिवस रविवारी आला. सकाळी अकरा वाजले तेव्हा मी मुद्दाम घड्याळाकडे पाहत बसले होते. बसले होते, हे महत्त्वाचं. हे ओट्याशी होते. माझ्या वाढदिवसाचा शिरा ह्यांनी केला होता, अर्धा करपवून. सव्वाअकरा झाले. आई जिथवर पोचली नाही तिथे मी आता बसले होते, हातात चहाचा कप, आणि मला काही झालेलं नव्हतं. मला रडू आलं. शिरा करपला म्हणून असेल अशी ह्यांनी स्वतःची समजूत घातली आणि करपलेली कढई मुकाट्याने स्वतः खरवडून स्वतःच्या ताटात घेतली.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. शुभेच्छा झाल्या, सासूबाईंना दाखवून झालं. ती तिच्या स्वयंपाकघरात होती. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि ती बोलता बोलता उभ्याने एका भांड्यात चमचा फिरवत होती. खर्र, खर्र. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

"काय खातेस?" मी विचारलं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "तूप कढवलं. बेरी आहे, एवढीशी. तूच नाही का सांगितलं होतंस, ज्याने तूप केलं त्याची असते म्हणून?"

सांगितलं होतं. ती लग्न होऊन निघाली तेव्हा तूप कढवायचं जाड बुडाचं पातेलं मीच तिच्या सामानात घातलं होतं. सासूबाईंनी चटईवरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं की नुसतं दिसलं होतं, मला माहीत नाही.

मी तिला म्हटलं, "ते ताटलीत काढ आणि खाली बस."

"एवढ्याशा बेरीसाठी ताटली?"

"हो," मी म्हटलं. "एवढ्याशासाठीच. आणि मला दिसेल अशी बस."

तिने हसत ताटली घेतली, फोन खाली आणला आणि जमिनीवर मांडी घातली. तीन चमचे होती. तिने ती सावकाश खाल्ली, आणि ती खाऊन होईपर्यंत मी फोन ठेवला नाही.